चढ दमवतो, उतार दुखवतो

कोलकात्यात पहाटे रवींद्र सरोवराभोवती किंवा मैदानावर गेलं, की रोज तासभर चालणारी शेकडो माणसं दिसतात. त्यांच्या पायांना चालण्याची उत्तम सवय आहे. मात्र शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम दहा मीटर उंचीवर आणि जवळजवळ पूर्ण सपाट आहे. यातलीच काही मंडळी सुट्टीत रात्रीच्या गाडीने न्यू जलपाईगुडी गाठतात आणि मानेभंजंगहून संदकफूची वाट धरतात. ३,६३६ मीटर उंचीचं हे पश्चिम बंगालमधलं सर्वांत उंच ठिकाण. चढताना धाप लागते, पण पाय साथ देतात. परतताना गुर्दुममार्गे श्रीखोलाकडे हजार मीटरहून जास्त उतरावं लागतं. तेव्हा दम लागत नाही, म्हणून पावलं झपाझप पडतात. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि तिसऱ्या दिवशी साध्या खुर्चीवर बसतानाही हात टेकावे लागतात.

रोज चालणाऱ्यांची ही गत का होते, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातूनच बचावाचा मार्ग सापडतो.

स्नायू दोन प्रकारे राबतात. पायरी चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून शरीर वर ढकलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि त्याच वेळी ब्रेक लावल्यासारखा शरीराचं वजन रोखत असतो. या दुसऱ्या कामात स्नायूचे कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर जास्त ताण येतो. प्राणवायूही कमी लागतो. श्वास शांत असल्याने आपण फार काही करत नाही असंच वाटत राहतं.

एका पायाने बाकावर चढायचं आणि दुसऱ्याने उतरायचं, असे प्रयोग शास्त्रज्ञांनी केले आहेत. त्यांत दुखतो तो उतरणारा पाय. १९८१ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी काही जणांना पुन्हा पुन्हा जिने उतरायला लावलं आणि त्यांच्या पोटरीच्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. तंतूंना ठरावीक अंतरावर बांधून ठेवणाऱ्या रेषा जागोजागी विस्कटलेल्या दिसल्या. अशी सूक्ष्म इजा झाली की शरीर दुरुस्ती सुरू करतं. तिथे थोडी सूज येते, काही रसायनं तयार होतात आणि मज्जातंतूंची टोकं हळवी होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून दुखणं लगेच येत नाही. साधारण एक ते तीन दिवसांत ते सर्वांत जास्त असतं आणि आठवड्याभरात ओसरतं.

स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठल्याने अंग दुखतं, असं आजही सर्रास सांगितलं जातं. पण व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे याच आम्लाचं रूप, तासाभरात पूर्वपदावर येतं, तेव्हा परवाच्या दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. स्नायूंतल्या बारीक इजेमुळे हे दुखणं येत असावं, हे संशोधक थिओडोर हफ यांनी १९०२ सालीच मांडलं होतं.

उताराचं हे गणित आखाड्यातल्या बैठकांनाही लागू आहे. गोबर गुहांसारखा जागतिक कीर्तीचा मल्ल देणाऱ्या कोलकात्यात आखाड्यांची परंपरा जुनी आहे. पण आखाडा असो की जिम, पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारणाऱ्या नवख्याच्या मांड्या धरतात, त्या मुख्यतः खाली बसतानाच्या अर्ध्या हालचालीमुळे.

यावर शरीराकडेच एक चांगला उपाय आहे. अशा कामाचा थोडासा अनुभव मिळाला, की स्नायू पुढच्या खेपेसाठी तयार होतो. तेच काम पुन्हा केल्यावर दुखणं बरंच कमी होतं आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. म्हणून डोंगरावर जाण्याआधी महिनाभर सराव सुरू करावा. उंच इमारतीत वर जाताना लिफ्ट घ्यावी आणि खाली जिन्याने यावं. पहिल्या दिवशी थोडेच मजले उतरून, पायांत ताकद शिल्लक असतानाच थांबावं. अंग आंबलं असेल तर ते ओसरू द्यावं, मग मजले वाढवावेत. प्रत्यक्ष उतारावर पावलं लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि दोन काठ्या वापराव्यात.

दुखऱ्या पायांना जपायचं आणखी एक कारण आहे. या काळात स्नायूंची ताकद घटलेली असते आणि पाय नेमका कुठे पडतोय याचा अंदाजही चुकतो. घोटा मुरगळणं, तोल जाणं यांचा धोका तेव्हा वाढतो. हळूहळू चालण्याने, हलक्या मालिशने आराम वाटतो. ताण देण्याच्या व्यायामांनी मात्र हे दुखणं फारसं टळत नाही.

कोणतं दुखणं साधं नाही, हेही ओळखता यायला हवं. हालचाल करतानाच कळ आली, एकाच जागी टोचल्यासारखं दुखलं, सांधा सुजला किंवा पायावर भार देता येईना, तर ती दुखापत समजून थांबावं आणि डॉक्टरांना दाखवावं. त्याहून गंभीर खूण म्हणजे बिनदुधाच्या चहासारखी गडद लघवी, सोबत स्नायूंना प्रचंड सूज आणि अशक्तपणा. तेव्हा स्नायू मोठ्या प्रमाणावर फुटून त्यांतलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरलेलं असतं आणि त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन घरी पडून राहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

हा धोका उन्हाळ्यात वाढतो. एप्रिल ते जूनमध्ये कोलकात्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, शरीर तापतं आणि पाणी कमी पडतं. नव्या व्यायामाचा पहिला आठवडा या दिवसांत येत असेल, तर पहाटेची वेळ धरावी, भरपूर पाणी प्यावं आणि सोबतच्यांशी चढाओढ टाळावी. दम लागला नाही म्हणून आणखी करत राहू नये. किती पुरे झालं हे पहिल्या दिवशी श्वास सांगत नाही. ते परवा कळतं, म्हणून परवापर्यंत थांबूनच पुढचं ठरवावं.