लाल कंधारी गुरे

मराठवाड्यातील गाईबैलांची एक जात. नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावावरून तिला हे नाव पडले. कंधार, लोहा व मुखेड हे तालुके तिचे मूळ क्षेत्र असून परभणी, हिंगोली, लातूर व बीड या जिल्ह्यांतही ती आढळते. रंग गडद तांबडा, बांधा मध्यम व कान लांब, खाली झुकलेले असतात. गाय एका वेतात सरासरी सु. ६०० किग्रॅ. दूध देते.

ही जात मुख्यतः बैलांसाठी जोपासली गेली. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावांच्या काळ्या, भारी जमिनीत नांगर, वखर व तिफण ओढण्यास काटक बैल लागत. गाईचे मोल दुधापेक्षा तिच्या पोटी येणाऱ्या गोऱ्ह्यावरून ठरे व ज्वारीच्या कडब्यावर जनावरांचे पोट भरे. माळेगाव (ता. लोहा) येथील खंडोबाच्या यात्रेत या गुरांची मोठी खरेदी-विक्री होते. इंडोनेशियातील बाली व पूर्व नुसा तेंगारा या प्रदेशांतही गुरे शेतकामास जुंपली जात. परंतु तेथून ती मांसासाठी जाव्हाकडे पाठविली जातात व पशुपालकास त्यापासून रोख उत्पन्न मिळते. मराठवाड्यात गोमांसाचा असा संघटित व्यवसाय उभा राहिला नाही; कामातून गेलेला बैल विकून नव्या जोडीच्या किमतीत भर घालणे, एवढाच त्याचा शेतकऱ्याशी संबंध होता.

महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६ अन्वये गाईच्या कत्तलीस मनाई झाली. निरुपयोगी ठरलेल्या बैलांस मात्र दाखल्यानिशी मुभा होती. १९९५ मध्ये संमत झालेल्या दुरुस्तीस २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळून वळू व बैल यांनाही ही मनाई लागू झाली. म्हशी तिच्या कक्षेबाहेर आहेत. परिणामी म्हाताऱ्या बैलाचा अखेरपर्यंतचा पोसण्याचा खर्च मालकावर पडतो. त्याच सुमारास ट्रॅक्टरमुळे बैलाचे काम घटले आणि ज्वारीचे क्षेत्र सोयाबीनकडे वळल्याने कडबा महाग झाला. राज्यातील गाईबैलांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सु. १·५५ कोटी होती. ती २०१९ मध्ये सु. १·४० कोटी झाली.

विदेशी वळूंच्या संकराने दूध वाढते. तथापि संकरित गोऱ्हे उन्हात लवकर थकतात व त्यांच्या खांद्यावर जू नीट बसत नाही. त्यामुळे संकर हा या जातीच्या जतनाचा मार्ग ठरत नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या परभणी येथील कृषी विद्यापीठाने व पशुवैद्यकीय महाविद्यालयाने स्थानिक गुरांच्या अभ्यासास चालना दिली. निवडीने दूध वाढविणे, उत्तम वळूंचे रेतन खेड्यापर्यंत पोहोचविणे, चाऱ्याची पिके घेणे व शेणखतास योग्य किंमत मिळणे हे जतनाचे प्रमुख उपाय होत. लहान शेतकऱ्यास गाय पोसणे परवडले, तरच ही जात टिकू शकेल.