पालखीला फुटलेले दात

भाऊबीजेला बहिणीच्या घरी गेलेल्या भावाने ओवाळून घ्यावे, करंज्यांवर ताव मारावा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यावे, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. गेल्या वर्षी मी पेणहून रोह्याला निघालो तो याच तयारीने. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशने मागे पडली, गाडी रोह्याला लागली, आणि ताईच्या हातची पहिली चकली तोंडात जाते न जाते तोच तिने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"अरे, बघ रे जरा. ह्यांचा चेहरा कुणी किसणीवर घासलाय?"

मी पाहिले. चित्र होते 2005 सालच्या धावीर महाराजांच्या पालखीचे. रोहेकरांना या पालखीची थोरवी सांगायला नको. इतरांसाठी एवढेच सांगतो, की दसऱ्यानंतर ग्रामदैवताची ही पालखी निघते, पोलीस तिला सशस्त्र मानवंदना देतात, आणि पोटासाठी बाहेरगावी गेलेला रोहेकर त्या दिवशी जमेल तसा गाव गाठतो. त्या वर्षी भाऊजींनी पालखीला खांदा दिला होता. 2011 साली ते गेले. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, परंतु चालते-हलते भाऊजी आहेत ते या एकाच चित्रणात, आणि तेही जेमतेम चार मिनिटे.

भाऊजी उभे असेपर्यंत सारे ठीक होते. पण पालखी हलली, त्यांनी मान वळवली, की चेहऱ्याच्या दोन्ही कडांना आडव्या रेघांचे दात फुटत. जणू कुणी फणी घेऊन तो चेहरा आडवा विंचरला असावा. ताईच्या नातीने ती डीव्हीडी बाजारात नेऊन मोबाईलवर उतरवून आणली होती. दुकानदाराने "जुनी चित्रं अशीच दिसायची" असे सांगून बोळवण केली, आणि वर "आता ही तबकडी टाकून दिली तरी चालेल" असा सल्लाही दिला.

ताईने तो सल्ला मानला नाही. तबकडी देव्हाऱ्याच्या खणात, कापराच्या डबीशेजारी ठेवून दिली. तिचा हा हट्टच पुढे उपयोगी पडला. कारण मूळ कॅसेट केव्हाच गेली होती. चित्रण करणाऱ्याने तिच्यावर पुढे कुणाचे तरी लग्न भरले होते!

आता वाचकहो, हे दात आले कुठून? जुने चित्र म्हणजे खराब चित्र, हा समज आधी मनातून काढून टाका. त्या तबकडीवरचे चित्र मुळीच बिघडलेले नव्हते. ते फक्त दोन क्षणांचे मिळून बनलेले होते.

गोष्ट दूरदर्शनसंचाच्या बाल्यावस्थेतली आहे. सेकंदाला 25 चित्रे दाखवली तर पडदा लुकलुकतो, 50 पूर्ण चित्रे पाठवावीत तर प्रक्षेपणाला दुप्पट जागा लागते. तेव्हा 1930 च्या सुमारास जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर याने आणि पाठोपाठ अमेरिकेत रँडल बॅलर्ड याने तोड काढली, ती अशी. आधी चित्राच्या एकाआड एक ओळी पाठवायच्या, आणि पुढच्या खेपेला उरलेल्या ओळी. सेकंदाला 50 अर्धी चित्रे! मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले तेही याच हिशेबाने. आपल्याकडच्या डीव्हीडीतही 576 ओळींचे चित्र असते, आणि अशा चित्रणात त्यातल्या 288 ओळी एका क्षणाच्या व 288 त्यानंतरच्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या असतात.

जुना काचेचा संच या ओळी पाळीपाळीने रंगवी. मोबाईलचा व संगणकाचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकदम दाखवतो. भाऊजी स्थिर असतील तर दोन्ही अर्धी चित्रे तंतोतंत जुळतात. पण त्यांनी मान हलवली असेल, तर सम ओळींतली मान एके जागी आणि विषम ओळींतली दुसऱ्या जागी. तेच ते दात!

पेणला परतलो तो तबकडी घेऊनच. घरच्या यंत्रावर भरलेल्या तबकडीतला रंगद्रव्याचा थर काळाने उतरत जातो, म्हणून पहिले काम केले ते तिची नक्कल संगणकावर घेण्याचे. मऊ फडक्याने, मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसली. गोल गोल पुसायची नाही. दोनदा अडखळून तिसऱ्या खेपेला ती पूर्ण वाचली गेली. मग दुरुस्तीला बसलो आणि, खरे सांगायचे तर, तीनदा फसलो.

पहिल्यांदा मी दुकानातून आलेल्या मोबाईलच्या चित्रावरच प्रयोग केला. त्यात चित्र आधीच लहान केलेले होते. 576 ओळी दाबून 360 केल्या की दोन क्षणांच्या ओळी एकमेकींत कालवल्या जातात. मग त्या वेगळ्या करणे म्हणजे ताकातून दूध काढणे!

दुसऱ्यांदा मूळ नकलेवर काम केले, पण दोन्ही अर्धी चित्रे एकत्र मिसळण्याचा पर्याय निवडला. दात गेले, आणि भाऊजींना दोन नाके आली. दुसरे अर्धे चित्र टाकून देण्याचाही मार्ग असतो. पण त्यात निम्म्या ओळी जातात, पालखीच्या तिरक्या दांड्याला जिन्याच्या पायऱ्या पडतात, आणि हालचालीचा अर्धा डौल हरवतो.

खरा उपाय वेगळाच आहे. प्रत्येक अर्ध्या चित्रातल्या गाळलेल्या ओळी शेजारच्या ओळी आणि मागचे-पुढचे क्षण पाहून भरायच्या, आणि 25 च्या जागी 50 पूर्ण चित्रे करायची. याला 'बॉब' म्हणतात. हँडब्रेक या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'डीइंटरलेस' या सदराखाली 'याडिफ' किंवा 'बीडब्ल्यूडीआयएफ' निवडून त्यात 'बॉब' घ्यावे, आणि चित्रांचा वेग 50 ठेवावा. अधिक चोखंदळांसाठी 'क्यूटीजीएमसी' नावाची पद्धत आहे. ती फार सावकाश चालते, पण काम नामी करते.

एवढे करूनही तिसऱ्यांदा फजिती झालीच. दात नाहीत, नाकही एकच, पण पालखी दोन पावले पुढे आणि एक पाऊल मागे अशी थरथरत निघाली! रात्री उशिरा उलगडा झाला. दोन अर्ध्या चित्रांपैकी आधीचे कोणते, याची खूण तबकडीत असते. त्या काळच्या लहान डिजिटल कॅसेटींवर खालच्या ओळींचे अर्धे चित्र आधीचे असे. डीव्हीडी बनवणाऱ्याने मात्र वरचे आधी अशी खूण मारली होती. त्यामुळे नंतरचा क्षण आधी येत होता. मी क्रम हाताने उलटा केला, आणि एकेक चित्र पुढे सरकवून पाहिले. पालखी आता फक्त पुढेच जात होती. क्रम ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आणखी दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. जुन्या तबकडीतले चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचे असले, तरी ते चारास तीन या प्रमाणात दाखवायचे असते. हे प्रमाण सांभाळले नाही तर माणसे लांबट दिसतात. आणि फिल्मवर काढलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीवर हा उपाय डोळे मिटून करू नये. फिल्मचे प्रत्येक चित्र एकाच क्षणाचे असते, आणि आपल्याकडच्या डीव्हीडीत त्याच्या दोन्ही अर्ध्या भागांत बहुधा तोच क्षण असतो. दात दिसतच नसतील, तर औषध कशाला?

या साऱ्या खटाटोपाचे मर्म मला उमगले ते मात्र शेजारच्या मूर्तीच्या कारखान्यात. पेण म्हणजे गणपतीचे गाव, तेव्हा कारखाना शेजारी असणारच. दोन भागांच्या साच्यातून निघालेल्या मूर्तीला जोडाची एक बारीक रेघ राहते. कारागीर ती माती ओली असतानाच खरवडून सारखी करीत होता. मी विचारले, "नंतर रंग देताना नाही का झाकता येत?"

तो हसला. "काका, रंगाने रेघ झाकत नाही, उठून दिसते. आधी जोड, मग रंग, मग डोळ्यांची आखणी. क्रम चुकला की मूर्ती गेली."

आमच्या पालखीचेही हेच झाले होते. आधी दोन क्षण वेगळे करायचे, मग चित्र लहान करायचे, आणि दाबून भरायचे ते शेवटी. दुकानदाराने शेवटचे आधी केले. आणि मूळ चीज हाती आहे तोवरच चुकलेला क्रम सुधारता येतो. म्हणून तुमच्या घरात लग्नाची, मुंजीची, बारशाची तबकडी असेल तर तिची जशीच्या तशी नक्कल या दिवाळीतच करून ठेवा. आणि मोबाईलवर उतरली म्हणून ती तबकडी टाकू नका!

दहा दिवसांनी मी पुन्हा रोह्याला गेलो. ताईने चष्मा पुसला आणि ती चार मिनिटे सबंध पाहिली. भाऊजींनी पालखीला खांदा दिला, मान वळवली, कुणाकडे तरी पाहून हसले. एकही दात नव्हता. ताईने चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिले.

"सदऱ्याची वरची गुंडी तुटलेली बघ," ती म्हणाली. "निघताना म्हटलं होतं, थांबा, लावून देते. थांबले नाहीत."

मग ती चहा टाकायला उठली. तबकडी मी परत आणली होती. ती मात्र तिने माझ्या हातून घेऊन आधी देव्हाऱ्याच्या खणात ठेवली, आणि मगच आत गेली.