काचेआडचे ऊन

सरड्याच्या जातीशी आमचा संबंध काय तो भिंतीवरच्या पालीपुरता. त्यामुळे २०२३ च्या जूनमध्ये आम्ही उभयता वडोदऱ्याहून मेलबर्नला चिरंजीवांकडे गेलो आणि नातवाने हातभर लांबीचा जिवंत सरडा कौतुकाने आमच्यापुढे धरला, तेव्हा आम्ही दोन पावले मागेच सरलो. हा 'बिअर्डेड ड्रॅगन', म्हणजे दाढीवाला सरडा. मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखातला हा मूळचा रहिवासी. रागावला वा भ्याला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळी करतो. तीच त्याची दाढी. आम्ही त्याचे नाव भीष्म ठेवले आणि नातवालाही ते रुचले.

दिवसा मुलगा-सून कामावर, नातू शाळेत. तेव्हा भीष्माची देखभाल आपसूकच आमच्याकडे आली. वडोदऱ्याहून नेलेल्या दोन सवयी आम्ही तेथेही चालू ठेवल्या. पहिली काटकसरीची. त्याच्या काचेच्या पेटीत दिवसभर दोन दिवे जळत. खिडकीतून लख्ख ऊन येत असता दिवे कशाला, म्हणून आम्ही पेटी खिडकीशी सरकवली आणि दिवे मालवले. दुसरी सवय प्रेमाने खाऊ घालण्याची. रातकिड्यांना हात लावणे काही आमच्याने होईना. मग कोवळा पालक निवडून, बारीक चिरून रोज त्याच्यापुढे ठेवू लागलो.

ऑगस्ट सरता सरता भीष्माची बोटे थरथरू लागली. एरवी अंग उचलून ऐटीत चालणारा हा प्राणी पोट फरफटत नेऊ लागला. खालचा जबडा सुजून मऊ पडला. पशुवैद्य बाईंनी क्ष-किरणांनी छायाचित्र काढले, तेव्हा हाडे विरळ झालेली स्पष्ट दिसली. आपल्या घरांतून जुनी माणसे ज्याला मुडदूस म्हणत, त्याच जातीचे हे दुखणे.

त्याची कारणे बाईंनी समजावून सांगितली. अतिनील किरणांवाचून या सरड्याच्या अंगी पुरेसे 'ड' जीवनसत्त्व तयार होत नाही आणि त्यावाचून अन्नातील कॅल्शियम अंगी लागत नाही. मग शरीर आपल्याच हाडांतून ते काढून घेऊ लागते. खिडकीची काच उजेड आत सोडते, पण हे किरण मात्र अडवते. पालकातील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते. दोन दिव्यांपैकी एक उष्णतेचा, दुसरा अतिनील किरणांचा. आणि हा दुसरा तर वर्षाहून जुना होता. असा दिवा उजळ दिसला तरी त्यातील किरण क्षीण होत जातात, म्हणून बनावटीप्रमाणे सहा ते बारा महिन्यांनी तो बदलावाच लागतो. दुखणे आमच्याआधीच सुरू झाले असावे. आम्ही त्याला हातभार लावला.

नातू रागावला नाही. परतताना त्याने एवढेच विचारले, "आजी, याला दुखत असेल का गं?" उत्तर आम्हा दोघांनाही देता आले नाही.

पुढे त्याच्या इतर व्याधीही समजून घेतल्या. या प्राण्याचे रक्त बाहेरच्या उबेवर तापते. पेटीच्या एका टोकाला सुमारे ४० अंश आणि दुसऱ्या टोकाला सुमारे २५ अंश सेल्सिअस तापमान असले, की तो आपली ऊब आपण निवडतो. ती न मिळाल्यास अन्न पचत नाही, बद्धकोष्ठ होतो, छातीत कफ साठून तो तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागतो. अर्थात उन्हात बसून तोंड उघडणे हे त्याचे नेहमीचे वागणे आहे. सावलीतही तसेच चालू राहिले तर मात्र काळजी करावी. पेटीत सुटी वाळू पसरल्यास ती पोटात जाऊन आतडे तुंबू शकते. आतड्यातील जंतांसाठी विष्ठा तपासून घ्यावी लागते. थंडीत काही सरडे आठवडेच्या आठवडे झोपून राहतात, तो आजार नव्हे. पण वजन घटू लागले तर वैद्य गाठावा.

माणसानेही जपायला हवे. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जंतू असू शकतात. त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, त्याची भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती तो देऊ नये. आमच्या वयाच्या मंडळींनीही सावध राहावे.

नवा दिवा आला, औषध म्हणून कॅल्शियम सुरू झाले. पालकाऐवजी मोहरीची पाने आणि लाल भोपळा, शिवाय कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे. हो, पुढे रातकिडे आम्हीच चिमट्याने भरवू लागलो! नोव्हेंबरात परत निघालो तेव्हा भीष्म पुन्हा अंग उचलून चालत होता. जबडा मात्र वाकडाच राहिला. तो आता तसाच राहणार.

आमच्या वाचकांपैकी अनेकांची मुले परदेशी आहेत आणि नातवंडांच्या घरी असा एखादा जीव असणे आता नवलाचे राहिलेले नाही. तेथे गेल्यावर त्याचा दिवा मालवण्यापूर्वी अथवा त्याच्यापुढे काही वाढण्यापूर्वी नातवंडांना एकदा विचारावे. आम्ही विचारले नव्हते.