आडनाव गावाचा पत्ता देते, रक्ताचा नाही

साकोली तालुक्यातल्या सानगडीत, किंवा महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात, शाळेत मुलाचे नाव घालताना तीन शब्द लागत आले आहेत : त्याचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. ही पद्धत आपल्याला खास आपली वाटते. पण एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेच्या खेड्यांतही चर्चच्या वहीत माणूस असाच नोंदला जाई. ‘ओले हान्सेन बाक्केन’ म्हणजे हान्सचा मुलगा ओले, राहणार बाक्केन या चढावरच्या शेतवाडीत. ओलेच्या मुलाच्या नावात ‘हान्सेन’ जाऊन ‘ओल्सेन’ येई. आपले मधले नाव पिढीगणिक बदलते, तसेच.

फरक होता तो तिसऱ्या शब्दात. नॉर्वेत ते आडनाव नव्हते, राहण्याचे ठिकाण होते. ओले दुसऱ्या शेतवाडीवर राहायला गेला की त्याचे तिसरे नावही बदले. सासऱ्याची शेती सांभाळायला गेलेला जावई त्या शेतवाडीच्या नावाने ओळखला जाई. डोंगर आणि फियॉर्ड यांनी तुटलेल्या त्या देशात घरे एकमेकांपासून लांब होती, म्हणून प्रत्येक शेतवाडीला स्वतंत्र नाव होते आणि ते बहुधा जमिनीवरून पडलेले असे. बर्ग म्हणजे डोंगर, डाल म्हणजे दरी, हाउगेन म्हणजे टेकाड. ज्या नावांच्या शेवटी ‘रूड’ येते, त्या जागा जंगल तोडून लागवडीखाली आणलेल्या. पुरातत्त्वज्ञ ओलुफ रिग यांनी ही नावे जुन्या दप्तरांतून गोळा केली. १८९७ पासून निघू लागलेल्या त्यांच्या ग्रंथमालेवर नॉर्वेचे अभ्यासक आजही विसंबून असतात.

१९२३ च्या कायद्याने प्रत्येक कुटुंबाला एकच कायम आडनाव घेणे भाग पडले. कोणी शेतवाडीचे नाव धरले, तर कोणी वडिलांच्या नावावरून आलेले नाव गोठवले. आज नॉर्वेत हान्सेन, योहान्सेन आणि ओल्सेन ही आडनावे सर्वांत पुढे आहेत. याचा अर्थ हे सगळे हान्सेन एका हान्सची लेकरे आहेत, असा नाही. हान्स हे नाव घरोघरी होते, म्हणून एकमेकांशी नाते नसलेल्या असंख्य घरांनी तेच आडनाव घेतले.

गाव सोडले की गाव चिकटते

आपल्याकडे गावाचे नाव उलट्या वाटेने आडनावात आले. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने हाक मारून ओळख पटत नाही, कारण तिथे सगळेच त्या गावचे. सानगडीचा माणूस नागपूरला गेला की तिथे तो ‘सानगडीकर’ ठरतो. म्हणून ‘कर’ लागलेले आडनाव बहुतेकदा स्थलांतराची नोंद असते. आपले पूर्वज कोणत्या गावाहून निघाले, हे ते सांगते. आज कुठे राहतो, हे सांगत नाही. नॉर्वेकराचे तिसरे नाव तो जिथे पोहोचला त्या जागेचे, मराठी माणसाचे आडनाव तो जिथून निघाला त्या जागेचे.

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत हा नकाशा फार दाट आहे. लांजेवार म्हटले की जाणते लोक बालाघाट जिल्ह्यातल्या लांजीकडे बोट दाखवतात. डोंगरवार या आडनावात तर नॉर्वेच्या ‘बर्ग’सारखा सरळ डोंगरच आहे. स्थलांतराची आठवण आडनावांबाहेरही टिकते : या भागातले मोठे तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजात, चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजाने आपल्या पूर्वजांना बनारसहून आणल्याची परंपरा सांगितली जाते. नवेगावबांधसारखे तलाव ही त्यांच्या हातांची साक्ष. आणखी दक्षिणेला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी आडनावे भेटतात. त्यांतल्या ‘वार’चे नाते तेलुगूतल्या ‘वारु’ या आदरार्थी प्रत्ययाशी आहे. सीमेवर दोन भाषा शेजारी नांदल्या, त्याची खूण लोकांच्या नावांत राहिली.

गोंड समाजाची आडनावे याहून वेगळ्या मुळाची. टेकामच्या मुळाशी गोंडीतला ‘टेका’ म्हणजे साग आहे, मरकामच्या मुळाशी ‘मरका’ म्हणजे आंबा, तर इरपाचेच्या मुळाशी मोह. ही कुळे चार, पाच, सहा किंवा सात देवांच्या गटांत विभागलेली असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. गावाच्या नावावरून पडलेले आडनाव प्रवास सांगते. गोंड आडनाव लग्न कुठे करायचे नाही, ते सांगते. मात्र मेश्राम हे आडनाव पाहा. केसलापूरच्या नागोबाची पूजा करणारे गोंडांचे मेश्राम कूळ प्रसिद्ध आहे आणि विदर्भातल्या बौद्ध समाजातही हजारो मेश्राम आहेत. आडनाव एक, वंशावळी अनेक.

काही आडनावे का उरतात?

एखादे आडनाव गावोगाव आणि दुसरे एखाद्याच घरात, असे का व्हावे? या प्रश्नाला गणिताने उत्तर दिले आहे. इंग्लंडमधली नामांकित घराणी नामशेष होत असल्याचे पाहून फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये हे कोडे जाहीर मांडले. हेन्री वॉटसन या धर्मगुरू गणितज्ञाने ते सोडवायला घेतले आणि पुढच्याच वर्षी दोघांनी मिळून त्यावर निबंध लिहिला. वॉटसन यांच्या निष्कर्षात एक चूक राहिली होती. पूर्ण उत्तर १९३० मध्ये डेन्मार्कच्या स्टेफेनसेन यांनी दिले.

आपण ते हिशोबाने पाहू. समजा, एका मुलखात शंभर घरे आहेत, प्रत्येकाचे आडनाव वेगळे आणि आडनाव फक्त मुलाकडून पुढे जाते. लोकसंख्या वाढत नाही, म्हणजे सरासरीने प्रत्येक पुरुषाला एक मुलगा. पण सरासरी एक असली तरी कोणाला तीन मुलगे होतात, कोणाला एकही नाही. मुलांची ही विभागणी निव्वळ योगायोगाने होते असे धरले, तर पहिल्या पिढीनंतर सुमारे ६३ आडनावे उरतात. तिसऱ्या पिढीनंतर ३७, पाचव्या पिढीनंतर २७ आणि दहाव्या पिढीनंतर, म्हणजे अडीच-तीनशे वर्षांनी, जेमतेम १६. रोगराई नाही, दुष्काळ नाही, तरीही ८४ आडनावे गेली. उरलेल्या आडनावांखाली मात्र घरे वाढत गेली.

म्हणून एखादे आडनाव फार पसरले, यावरून ते कूळ पराक्रमी होते असे ठरत नाही आणि दुर्मीळ आडनाव कमी प्रतीचे ठरत नाही. नुसत्या योगायोगानेही एवढे सगळे घडू शकते.

रक्ताची तपासणी आडनावाने होत नाही

वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, आपले आडनावही तसेच जाते. दोन्ही खरेच जोडीने चालतात का, हे तपासायला ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ब्रिटनमधल्या ४० आडनावांचे पुरुष अभ्यासले आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. दुर्मीळ आडनावाच्या पुरुषांत वाय गुणसूत्र बरेचदा जुळले, म्हणजे त्यांचा मूळ पुरुष एक असण्याची शक्यता मोठी. ‘स्मिथ’ म्हणजे लोहार, अशा सर्रास आडनावात मात्र तसे साम्य सापडले नाही. लोहार गावोगाव होते आणि त्यांना हे नाव ठिकठिकाणी स्वतंत्रपणे पडले होते. नॉर्वेच्या हान्सेनची गोष्टही तीच आणि आपल्या मेश्रामांचीही.

पूर्व विदर्भाला हे कळणे फार गरजेचे आहे, कारण इथे सिकलसेल हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. सोयरीक जुळवताना आपण कूळ आणि आडनाव पाहतो. एकाच कुळात लग्न टाळण्याच्या जुन्या नियमामुळे जवळच्या नात्यातल्या काही जोड्या टळतात, हे खरे. पण आडनाव केवळ बापाची एकच रेघ सांगते. आई, आजी, पणजी यांच्याकडून आलेला वारसा त्यात कुठेच दिसत नाही. सिकलसेलचे जनुक मात्र आई आणि बाप दोघांकडूनही येते. समाज तोच आणि कुळे वेगळी असतील, तरी वर आणि वधू दोघेही वाहक असू शकतात. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसते. दोघेही वाहक असतील, तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सुरू केलेल्या मोहिमेत २०४७ पर्यंत या आजाराचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याची पहिली पायरी रक्ततपासणी हीच आहे. आपल्या आडनावाचा अभिमान जरूर बाळगा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, जमीन बंदोबस्ताच्या जुन्या मिसली, म्हणजे नोंदी, पाहा आणि आपले पूर्वज कोणत्या गावाहून आले ते लिहून ठेवा. पण मुलामुलींची लग्ने ठरवण्याआधी दोघांची सिकलसेल तपासणी करून घ्या.