शर्यत त्यांची, तयारी दोघांची

सायकलची शर्यत म्हटलं की आपल्याला आठवते ती मुंबई-पुणे शर्यत. बोरघाटात जो सगळ्यांच्या पुढे, तो ‘घाटाचा राजा’! सकाळी निघाले की त्याच दिवशी निकाल. पण आता लालबाग-परळ, गिरगावातली चाळिशीतली मंडळीही डोंगरात पाच-पाच, आठ-आठ दिवस चालणाऱ्या शर्यतींची स्वप्नं बघू लागली आहेत. आमच्याही घरात हे वेड शिरलंच! मुंबईत डोंगर कुठून आणणार? मग गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वरचा चढ पहाटे आठ-दहा वेळा चढायचा-उतरायचा, तोच आमचा हिमालय.

सायकल चालवणाऱ्याचं कौतुक होतंच, व्हायलाही हवं. पण त्याच्यामागे उभं राहणाऱ्या माणसाचं काय?

या शर्यती दोन प्रकारच्या. एका प्रकारात रोजचा टप्पा ठरलेला असतो, रात्री मुक्काम. हिमाचलमधल्या ‘एमटीबी हिमालय’सारखी शर्यत या जातीची. दुसऱ्या प्रकारात घड्याळ थांबतच नाही. अमेरिकेतली ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही तशी. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर आणि एकट्याने उतरणाऱ्याला मुदत १२ दिवसांची. रात्री स्पर्धकाच्या मागे मदतीची गाडी असावीच लागते, म्हणजे मदतनीसांवाचून ही शर्यत होणेच नाही. नाशिकचे डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ती पूर्ण केली. नवी मुंबईच्या कबीर राचुरे यांनी २०१९ मध्ये एकट्याने ती पार पाडली, तेव्हा मदतनीसांच्या चमूची प्रमुख होती त्यांची बहीण सपना. नाव झालं भावाचं, पण कधी खायचं, किती झोपायचं याचा हिशेब ठेवणारंही कुणी हवंच ना!

हा हिशेब आपल्याला नवा नाही. घर चालवणारी बाई रोज तेच करते. फक्त काही गोष्टी आधी समजून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट खाण्याची. तासन्‌तास सायकल चालवणाऱ्याला भूक लागेपर्यंत थांबून चालत नाही. दर तासाला थोडं थोडं पोटात गेलं पाहिजे. केळी, मीठ लावलेला उकडलेला बटाटा, मऊ भात, मुगाची खिचडी. लालबागच्या मिरची गल्लीतला मसाला तेवढे दिवस घरीच ठेवायचा! आणि हो, नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. घामावाटे मीठ जातं, वर भरमसाट साधं पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ आणखी उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. म्हणून पाण्यात मीठ-साखर हवीच.

दुसरी गोष्ट नियमांची. बऱ्याच शर्यतींत मदत ठरावीक ठिकाणीच देता येते. मायेपोटी भलत्याच वळणावर डबा पुढे केला, तर दंड त्याला बसतो. नियमांचं पुस्तक आपणही वाचावं.

तिसरी गोष्ट आपली स्वतःची. त्याच्या काळजीत आपण उपाशी आणि जागरणात! मग चौथ्या दिवशी आपलंच डोकं चालेनासं होतं. गाडी चालवणाऱ्याने तर झोप घेतलीच पाहिजे. रिकाम्या घागरीने दुसऱ्याची तहान कशी भागणार?

आणि सगळ्यात अवघड गोष्ट ‘थांब’ म्हणण्याची. हिमाचलमधली जालोरी खिंड सुमारे ३,१०० मीटर उंचीवर आहे. अशा उंचीवर डोकेदुखी, उलट्या सुरू झाल्या, चालताना तोल जाऊ लागला, तर पुढे चढायचं नसतं. खाली उतरवून डॉक्टरांना दाखवायचं असतं. पण वर्षभर घाम गाळलेल्या माणसाला त्या क्षणी हे पटत नाही. म्हणून आमच्या घरात आधीच ठरलं आहे, “मी थांब म्हटलं की वाद नाही.” हा शब्द मी घरीच घेऊन ठेवलाय. कारण पाठिंबा म्हणजे नुसत्या टाळ्या नव्हेत. वेळ आली तर वाईटपणा घेणं, हासुद्धा पाठिंबाच.

दक्षिण आफ्रिकेतल्या ‘केप एपिक’ या आठ दिवसांच्या शर्यतीत जोडीनेच उतरावं लागतं. दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर दंड! संसाराचाच नियम की हो हा!

पण मग एक प्रश्न राहतोच. आपण पुढे निघालो, तर मागे कोण? पुण्याच्या प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये गुजरातमधल्या कोटेश्वरपासून अरुणाचलातल्या किबिथूपर्यंतचं जवळजवळ ४,००० किलोमीटरचं अंतर १४ दिवसांच्या आत सायकलने कापलं. तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या, दोन मुलांच्या आई होत्या. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नसेलही. कुणाला अर्धी राहिलेली पदवी पुरी करायची असेल, कुणाला भजनी मंडळाबरोबर पंढरीची वारी करायची असेल. तीही अनेक दिवसांचीच शर्यत! त्या दिवसांत डबा कोण भरणार, सासूबाईंची औषधं कोण देणार, हे घरात बसून ठरवायला काय हरकत आहे?

तेव्हा नवऱ्याच्या सायकलची पिशवी जरूर भरा. मात्र भरता भरताच त्यांना विचारून ठेवा, “पुढच्या वर्षी माझी पिशवी कोण भरणार?”