घरगुती वारुळात ओलावा टिकविण्यासाठी साहित्याची निवड

देगलूर तालुक्यात कपाशीच्या झाडावर मुंगळ्यांची रांग चढताना दिसली, तर त्या झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण असण्याचा बराच संभव असतो. या किडींच्या अंगातून निघणारा गोड चिकट द्रव हे मुंगळ्यांचे आवडते अन्न होय. त्याच्या मोबदल्यात मुंगळे किडींचे रक्षण करतात आणि ढालकिड्यासारख्या मित्रकीटकांना हुसकावून लावतात. २००५ नंतरच्या काही वर्षांत पिठ्या ढेकणाने देशातील अनेक राज्यांत कपाशीचे मोठे नुकसान केले. अशा किडीचे हे राखणदार कसे राहतात, हे शेतकऱ्यांना व विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखविण्यासाठी गावच्या शाळेत काचेचे लहान वारूळ ठेवणे हा सोपा व अल्पखर्चाचा उपाय आहे. मात्र अन्नपाणी वेळेवर देऊनही अशी वारुळे पुष्कळदा थोड्याच दिवसांत ओस पडतात. त्याचे कारण बहुधा ओलाव्यात असते.

ओलावा किती व कोठे

मुंगीची अंडी व अळ्या यांची त्वचा अतिशय पातळ असते. कोरड्या हवेत त्या लवकर सुकतात. उलट, सतत ओल राहिल्यास त्यांवर बुरशी येते. जमिनीत मुंग्या ही अडचण स्वतःच सोडवितात. उन्हाळ्यात त्या पिलावळ खोल ओलीत नेतात व पाऊस झाल्यावर वर आणतात. दाणे साठविणाऱ्या मुंग्या तर दाण्यांसाठी कोरड्या खोल्या राखतात. काचेच्या पेटीत ही सोय नसते. म्हणून वारुळाचे एक टोक ओले, दुसरे कोरडे आणि मधला भाग दमट राहील, असे साहित्य निवडावे. आपणास कोणती जागा हवी, हे मुंग्या स्वतः ठरवितात.

हे तत्त्व जुने आहे. शार्ल जाने या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लास्टरचे वारूळ तयार केले. त्याच्या एका टोकाला पाण्याचा खळगा होता, त्यामुळे पुढच्या खोल्या क्रमाने कोरड्या होत जात. इंग्लंडमध्ये जॉन लबक यांनी दोन काचांमध्ये माती भरून मुंग्या पाळल्या. त्यांच्याकडे १८७४ मध्ये आणलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली. योग्य निगा राखल्यास वारूळ किती काळ टिकू शकते, हे यावरून दिसून येईल.

उपलब्ध साहित्याचे गुणदोष

काळी माती : ही माती पाणी पुष्कळ धरून ठेवते, म्हणून ती प्रथम मनात येते. परंतु ओली झाली की ती फुगते व चिकट होते आणि वाळली की तिला भेगा पडतात. त्यामुळे मुंग्यांनी कोरलेले मार्ग बुजतात वा कोसळतात. केवळ काळी माती वापरू नये.

पोयटा व वाळू : नदीकाठचा पोयटा चाळून त्यात बारीक वाळू मिसळल्यास भेगा कमी पडतात. मुंग्या आपले मार्ग स्वतः कोरतात, हा याचा लाभ होय. मातीच्या एका टोकाला न रंगविलेले मातीचे बोळके पुरून त्यात पाणी भरावे. मटका सिंचनात जसे मडक्यातून पाणी हळूहळू झिरपते, तसेच येथेही होते.

वीट : चांगली भाजलेली वीट हे गावात सहज मिळणारे उत्तम साहित्य आहे. सामान्य प्रतीची वीट २४ तास पाण्यात बुडविल्यास तिने आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये, असे भारतीय मानक आहे. म्हणजे तीन किलोच्या विटेत सहाशे ग्रॅमपर्यंत पाणी राहू शकते. छिन्नीने विटेवर उथळ खोल्या कोराव्यात, एका टोकाला पाण्याचा खळगा करावा व वर काच बसवावी. अति भाजून काचेसारखी झालेली वीट पाणी शोषत नाही, तर कच्ची वीट पाण्यात विरघळते. लोणा लागलेली वीटही टाळावी. हलके एएसी ब्लॉक साध्या चाकूनेही कोरता येतात व पाणीही शोषतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस : याला हवा तो आकार देता येतो. मात्र ओतल्यानंतर ते अनेक दिवस पूर्ण वाळू द्यावे. ते मऊ असल्याने सतत ओले राहिल्यास मुंग्या ते कुरतडतात.

कापूस : पावसानंतर सापडलेली एकटी राणी ठेवण्यास काचेची नळी पुरते. तळाशी पाणी भरून त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवावा. घरचा कच्चा कापूस यासाठी चालत नाही. त्याच्या तंतूंवर नैसर्गिक मेणाचा थर असल्याने तो पाणी शोषत नाही. औषधाच्या दुकानातील शुद्ध केलेला कापूसच वापरावा.

शेण, लाकडाचा भुसा व कडबा यांवर बुरशी फार लवकर येते. ते वारुळात घालू नयेत.

साहित्याची परीक्षा

निवडलेल्या साहित्याचा लांबट तुकडा लाल शाईच्या पाण्यात एक बोट बुडेल असा उभा ठेवावा. दुसऱ्या दिवशी रंग काही अंतर चढून थांबलेला असल्यास ते साहित्य योग्य समजावे. रंग मुळीच न चढल्यास मुंग्या सुकतील. तो टोकापर्यंत गेल्यास कोरडी जागा उरणार नाही, म्हणून लांब तुकडा घ्यावा. परीक्षेचा तुकडा वारुळात वापरू नये.

ऋतूनुसार काळजी

मार्च ते मे या कोरड्या महिन्यांत पाण्याचा खळगा रोज पाहावा. पावसाळ्यात मात्र हवेतच ओल असते. तेव्हा पाणी कमी करावे व हवेसाठी बारीक जाळी उघडी ठेवावी. वारूळ कधीही उन्हात ठेवू नये, कारण काचेखाली उष्णता कोंडते. पाणी घालण्यापूर्वी पिलावळ कोठे आहे ते पाहावे. ती ओल्या टोकाला दाटली असल्यास पाणी कमी पडत आहे. ती कोरड्या टोकाला गेली असल्यास पाणी अधिक झाले आहे. वारुळाचा याहून विश्वसनीय मापक दुसरा नाही.