गाडी त्याची, हुकूम कंपनीचा!

मुंबईत एके काळी टॅक्सी करणाऱ्याला टॅक्सीवाल्याचे नाव ठाऊक नसे. पण त्याचा व्यवहार सगळा ठाऊक असे. पिवळ्या टपाची काळी गाडी, बाहेर बसवलेला मीटर, छातीवर बिल्ला. दर सरकारने ठरवलेला, परवाना आरटीओने दिलेला. गाडी त्याची स्वतःची, नाही तर पाळीवर भाड्याने घेतलेली. आज नेमके उलटे झाले आहे. फोनवर बोट टेकवले की चालकाचे नाव, छायाचित्र, गाडीचा नंबर, त्याला किती तारे मिळाले, तो कोणत्या चौकात अडकला आहे, सारे आपल्याला घरबसल्या दिसते. दिसत नाही ते एवढेच की, हा माणूस कुणाचा?

घरातली आजी म्हणेल, "कंपनीचा ड्रायव्हर आला ग!" कंपनीला विचाराल तर ती म्हणेल, "छे हो, गाडीही आमची नाही आणि ड्रायव्हरही आमचा नाही. तो आमचा भागीदार. आम्ही फक्त उतारूची आणि त्याची गाठ घालून देतो." म्हणजे कंपनी हे एक वधूवरसूचक मंडळच झाले म्हणायचे! स्थळ दाखवले की मंडळाचे काम संपले. पुढच्या संसाराची जबाबदारी ज्याची त्याची. पण हे मंडळ मोठे विलक्षण आहे. लग्नाचा खर्च तेच ठरवते, आहेरातला वाटाही तेच घेते, आणि नवऱ्यामुलाने चार स्थळे नाकारली तर त्याचे नाव वहीतून खोडून टाकते!

थट्टा राहू द्या. नोकर की भागीदार, हा काही नुसता शब्दांचा खेळ नाही. नोकर म्हटले की किमान वेतन आले, भरपगारी रजा आली, भविष्य निर्वाह निधी आला. कामावरून काढायचे तर कारण दाखवावे लागते. भागीदार म्हटले की यातले काही नाही. गाडीच्या कर्जाचा हप्ता त्याचा, इंधन त्याचे, पंक्चर त्याचे, पोलिसांचा दंड त्याचा. आणि एके दिवशी सकाळी त्याची 'आयडी' बंद झाली तर दाद मागायची कुणाकडे? फोनमध्ये माणूस बसलेला नसतो. बँकेचा हप्ता मात्र महिन्याच्या महिन्याला येतच असतो.

हा प्रश्न मोबाइल फोनबरोबर जन्माला आला, असे मात्र कुणी समजू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे तो फार पूर्वी येऊन गेला आहे, आणि तोही बिडीच्या कारखान्यातून! नागपूरच्या एका बिडी कारखान्यातल्या कामगारांनी रजेचा पगार मागितला. मालक म्हणाला, हे माझे नोकरच नव्हेत. यायची-जायची वेळ ठरलेली नाही, मनाला येईल तेव्हा येतात, वळतील तितक्या बिड्यांचे पैसे घेतात. हे तर स्वतंत्र कंत्राटदार! युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? डिसेंबर १९६० मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. बिडी वळणाऱ्याच्या डोक्यावर कुणी उभे राहायची गरजच नसते, असे न्यायमूर्तींनी पाहिले. काम साधे आहे. पण झालेल्या बिड्यांतून नापसंत बिड्या बाजूला काढण्याचा हक्क मालकाकडे आहे, आणि तीच त्याची देखरेख. सबब १९४८ च्या फॅक्टरी कायद्याप्रमाणे ते कामगारच ठरले.

वाचकांना वाटेल, चला, निकाल लागला! पण कायदा इतका सरळ असता तर वकिलांनी खायचे काय? वर्ष उलटायच्या आत, ऑक्टोबर १९६१ मध्ये, बिडी कारखान्याचाच दुसरा खटला त्याच न्यायालयापुढे आला. तिथला कामगार हवा त्या दिवशी येई, हवा तेव्हा उठून जाई. इतक्या बिड्या वळल्याच पाहिजेत असेही बंधन नव्हते. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी त्याला कामगार मानले नाही. तिसऱ्याचे मत वेगळे पडले.

आता हे दोन्ही निकाल आपल्या चालकाला लावून पाहा. दोन्ही अंगाला बसतात! सकाळी फोन चालू करायचा की नाही, हे तो ठरवतो. दोन-दोन कंपन्यांचे अ‍ॅप एकाच फोनवर ठेवतो. हे स्वातंत्र्य खरे आहे, आणि ते सोडायला कित्येक चालक स्वतःच तयार नसतात, हेही नमूद केले पाहिजे. पण एकदा फोन चालू केला, की भाडे किती हे त्याच्या हाती नाही. उतारू कोण, हेही नाही. आणि नापसंत बिडी बाजूला काढायचे काम तर कंपनीने आपल्याच गळ्यात घातले आहे. घरी पोचल्यावर आपण जे तारे टिचकीसरशी देतो, तीच ती छाननी! मुकादमाचा पगारही वाचला.

हाच मुद्दा लंडनमध्ये कसाला लागला. तिथल्या चालकांनी उबर कंपनीविरुद्ध कामगार न्यायाधिकरणात दाद मागितली. लंडनमध्ये हजारो छोटे स्वतंत्र धंदेवाले आहेत आणि आपण त्यांना केवळ जोडून देतो, हे कंपनीचे म्हणणे न्यायाधिकरणाला हास्यास्पद वाटले. कंपनी वरच्या कोर्टात गेली. मग आणखी वरच्या. अखेर १९ फेब्रुवारी २०२१ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने चालकांच्या बाजूने निकाल दिला. करारात 'भागीदार' लिहिले की 'नोकर', याला न्यायमूर्तींनी फारसे महत्त्व दिले नाही; कारण तो करार लिहिला होता कंपनीनेच. त्यांनी व्यवहार पाहिला. भाडे कोण ठरवते? अटी कोण घालते? वारंवार भाडी नाकारणाऱ्याला शिक्षा कोण करते? ताऱ्यांवर नजर कोण ठेवते? उतारूची आणि चालकाची कायमची ओळख होऊ नये अशी खबरदारी कोण घेते? सगळ्यांचे उत्तर एकच आले. तिथल्या कायद्यात पुरता नोकर आणि पुरता धंदेवाला यांच्यामध्ये एक तिसरी पायरी आहे. चालकांना त्या पायरीवर बसवून किमान वेतन आणि भरपगारी रजा यांचा हक्क दिला गेला. अ‍ॅप चालू करून चालक भाड्याची वाट पाहत थांबतो, तो वेळही कामाचाच, असेही न्यायालय म्हणाले. पण कंपनीने पुढच्याच महिन्यात किमान वेतन जाहीर केले ते भाडे स्वीकारल्यापासूनचे. थांबण्याचा वेळ पुन्हा बाहेरच राहिला!

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यातली गोष्ट निराळी. तिथे कायद्याने चालकांना नोकर ठरवायचे घाटले, तेव्हा कंपन्या थेट मतदारांकडे गेल्या. नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांनी कंपन्यांना अनुकूल कौल दिला, आणि २०२४ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात या कंपन्यांना नावच नव्हते. २०१९ च्या दुरुस्तीने 'अ‍ॅग्रीगेटर' हा शब्द आला आणि राज्य सरकारचा परवाना सक्तीचा झाला. तरीही परवान्यावाचून गाड्या धावतच होत्या. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, १६ मार्चपर्यंत अर्ज करा, असे कंपन्यांना बजावले, तेव्हा कागद हलले. ते प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेले. केंद्राने २०२० मध्ये आणि पुन्हा जुलै २०२५ मध्ये राज्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्यातले किमान ८० टक्के मिळावेत, चालकाचा निदान ५ लाखांचा आरोग्यविमा आणि १० लाखांचा आयुर्विमा उतरवावा, असे त्यांत आहे. गर्दीच्या वेळी भाडे मूळ दराच्या दुपटीपर्यंत चढवण्याची मुभाही त्यांतच आहे. गृहिणींनी हे ध्यानात ठेवावे. सबळ कारणावाचून फेरी रद्द केली तर भाड्याच्या १० टक्के, पण १०० रुपयांपेक्षा अधिक नाही, एवढा दंडही आहे. तो चालकाला, तसाच आपल्यालाही!

परंतु तो कुणाचा, याचे उत्तर मोटारीच्या कायद्यात नाही. ते शोधायचे सामाजिक सुरक्षा संहितेत. २०२० साली मंजूर झालेली ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने चालकाला प्रथमच नाव दिले, 'गिग कामगार'. नाव दिले खरे, पण व्याख्या अशी की, मालक-नोकर या रूढ नात्याच्या बाहेर राहून जो कमावतो तो! म्हणजे पंगतीला बोलावले आणि पाट उंबरठ्याबाहेर मांडला. त्याच्या विम्यासाठी, आरोग्यासाठी, म्हातारपणासाठी निधी आहे. किमान वेतनाच्या संहितेत मात्र गिग कामगाराचा उल्लेख नाही. माझ्या मते हा माणूस दुकानदारापेक्षा नागपूरच्या बिडी कामगाराच्या कितीतरी जवळचा आहे. पण आपल्या कायद्याने तो प्रश्न सोडवला नाही, त्याला वळसा घातला.

आणि या निधीतही एक मेख आहे. कंपनीने आपल्या वार्षिक उलाढालीचे १ ते २ टक्के निधीत भरायचे. मात्र कामगारांना ती जे पैसे देते, त्यांच्या ५ टक्क्यांहून ही रक्कम अधिक होता कामा नये. हिशेब ठीक दिसतो. पण अलीकडे काही कंपन्यांनी, प्रथम रिक्षांच्या बाबतीत, टक्केवारीचा वाटा घेणेच सोडले आहे. चालकाने रोजची ठरावीक फी भरावी आणि उतारूचे भाडे सगळे स्वतःच्या खिशात घालावे. ऐकायला किती उदार! पण मग कंपनी म्हणणार, आम्ही चालकाला पैसे देतच नाही, उलट तोच आम्हाला देतो. आणि जे दिलेच नाही, त्याचे ५ टक्के किती होतात, हे चौथीतला मुलगाही सांगेल.